चार, आठ, अकरा

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला, गुल्वेन केमेनर वर्गात आला. वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीलाच सुरू झाला होता. म्हणजे पोरगा नऊ आठवडे उशिरा आला होता, आणि या वर्गात नऊ दिवस बुडाले तरी माणूस महिनाभर धापा टाकतो.

वर्ग प्रेपाचा, गणित शाखेचा. इंजिनिअरिंगच्या मोठ्या फ्रेंच शाळांच्या प्रवेश परीक्षांसाठी मुलांना दोन वर्षं पिळून काढणारा. सप्टेंबरात त्रेचाळीस जण होते, सुट्टीपर्यंत एकोणचाळीस उरले. गळालेल्या चौघांपैकी एक जण सोलेन ल ब्रासच्या त्रिकुटातला होता. प्रेपात मुलं तिघातिघांत वाटलेली असतात. तेच तिघे दर आठवड्याला एका परीक्षकापुढे तोंडी परीक्षेला उभे राहतात, तीन फळ्यांवर, एक तास. आधी शिकवलेल्यातला एक प्रश्न, मग एक न पाहिलेलं गणित. तास संपला की वीसपैकी किती ते तिघांच्या देखत सांगितलं जातं.

तास सुटल्यावर गणिताच्या मादाम केर्वेलांनी सोलेनला थांबवलं.

"ल ब्रास, तुमच्या त्रिकुटात जागा आहे. केमेनर तिथे येतील."

"हो, मादाम."

"तुमची वही नीटनेटकी असते म्हणे."

सोलेनला काय ते कळलं. मादाम विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणत, आडनावानं हाक मारत आणि विनंती कधी करत नसत.

गुल्वेनलाही त्यांनी तिथेच उभ्या उभ्या अट सांगितली. फेब्रुवारीत वर्गाची परिषद बसेल, प्रत्येक मुलाचं काय करायचं ते ठरवायला. तोवर त्याच्या तीन तोंडी परीक्षा खुद्द मादामपुढे होतील. तिन्हींची सरासरी आठ आली तर तो राहील. नाही आली तर त्याला इथून काढून विद्यापीठात पाठवावं असं त्या परिषदेत सांगतील.

"वीसपैकी आठ? एवढंच?" बाहेर आल्यावर गुल्वेननं विचारलं.

त्रिकुटातला तिसरा, ज्याला सगळेच आडनावानं तिबो म्हणत, हसत सुटला. "एवढंच म्हणे! अरे बाबा, माझे पहिल्या तोंडीत पाच होते. आणि मी काही झोपलो नव्हतो. शाळान्त परीक्षेला गणितात किती होते तुला?"

"एकोणीस."

"मला अठरा. इथे त्या अठराची कुणी कपभर कॉफीसुद्धा देत नाही."

गुल्वेन रोस्कॉफचा. आई तिथल्या बंदरात फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर कामाला. सप्टेंबरात तो इथेच ब्रेस्तला मेडिकलला गेला होता आणि सहा आठवड्यांत ते सोडून बसला होता. का सोडलं, असं तिबोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "पाठ सगळं होत होतं. कळत काही नव्हतं." आईनं एवढंच म्हटलं होतं, की एकदा सोडलं ते ठीक, दुसऱ्यांदा सोडून घरी आलास तर माझ्या शेजारच्या खिडकीवर जागा रिकामी आहे. ती थट्टा करत होती की नाही हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

सोलेननं आपल्या वहीच्या बासष्ट पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. ती वर्गात पहिली होती, तोंडीत तिला सोळाच्या खाली सहसा मिळत नसत, आणि वही ती तिच्या पद्धतीनं लिहायची: व्याख्या, प्रमेय, सिद्धता, मध्ये गिचमिड नाही. दर बुधवारी चार ते सहा रिकाम्या वर्गात बसायचं ठरलं. ती फळ्यावर लिहायची, तो उतरवून घ्यायचा. तीन आठवड्यांत त्यानं बासष्टच्या बासष्ट पानं पाठ केली. कुठलंही पान सांगा, घडाघडा म्हणून दाखवायचा.

"हा माणूस नाही, टेपरेकॉर्डर आहे," तिबो म्हणाला.

"मेडिकलमध्ये हेच शिकवतात," गुल्वेन म्हणाला.

सोलेनला बरं वाटलं. आपलं काम झालं, असं तिनं धरून चाललं.

मादामपुढची पहिली तोंडी बारा डिसेंबरला झाली. गुल्वेनला सोपा प्रश्न आला. क्रमिकेची सीमा म्हणजे काय ते लिहा, आणि सीमा असेल तर ती एकच असते हे सिद्ध करा. त्यानं न अडखळता व्याख्या लिहिली, सिद्धता लिहिली आणि खडू खाली ठेवला. शेजारच्या फळ्यावर सोलेन आपलं गणित सोडवत होती, पण कान तिकडेच होता.

मादामनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "एक छेद n. ही क्रमिका शून्याकडे जाते का?"

"जाते, मादाम."

"तुमच्या व्याख्येनुसार जाते का?"

"जाते."

"कितव्या पदानंतर?"

"शंभराव्या."

"मला एक हजारांशाहून कमी फरक हवाय."

"मग दोन हजाराव्या."

"आत्ता शंभर म्हणालात."

"तुम्ही फरक बदललात, मादाम."

"मी बदलणारच. पण फळ्यावर तुम्ही जागा आधी निवडलीय आणि फरक मला नंतर मागू दिलाय. आता तुम्हाला जागा हलवता येणार नाही."

गुल्वेननं फळा वाचला. पुन्हा वाचला. त्याला चूक दिसेना, कारण जे पाठ होतं तेच फळ्यावर होतं. खरी गोष्ट अशी, की समोरच्यानं आधी फरक मागायचा, कितीही बारीक, आणि त्या फरकासाठी आपण नंतर जागा दाखवायची. आधी माप, मग कापड. त्याच्या फळ्यावर शिंप्यानं गिऱ्हाईक यायच्या आधीच एक सदरा शिवून ठेवला होता आणि तो सगळ्या गावाला बसेल म्हणून सांगत होता. गंमत म्हणजे, सीमा एकच असते ही सिद्धता त्या चुकीच्या व्याख्येवरूनही सुरळीत पार पडते, त्यामुळे पुढे कुठे ठेच लागली नव्हती. या घोळात वीस मिनिटं गेली. गणिताला त्यानं हात लावेपर्यंत तास संपला.

"ल ब्रास सतरा. तिबो बारा. केमेनर चार."

त्या संध्याकाळी गुल्वेननं सोलेनला जिन्यात गाठलं. हातात झेरॉक्सचं एकतिसावं पान होतं. ओळीखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. अक्षर सोलेनचं होतं आणि व्याख्या उलटी होती. आधी जागा, मग फरक. सप्टेंबरात घाईत उतरवताना झालं असणार. तिला स्वतःला ती व्याख्या डोक्यात पक्की होती, त्यामुळे त्या पानाकडे तिनं परत पाहिलंच नव्हतं.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. रोग्याला रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

"हो." तिनं ते पान हातात घेतलं. "मी मादामना उद्या सांगते."

"तुला वाटलं तर सांग," तो म्हणाला आणि वसतिगृहाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादामनी लेखी परीक्षेचे पेपर वाटले. त्या नेहमी वरून खाली वाटतात, पहिला आधी. सोलेनचा पेपर सगळ्यात वर होता. तास सुटल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. तास सुटला तेव्हा टेबलाभोवती पाच-सहा जण शंका घेऊन उभे होते. संध्याकाळी मादाम निघून गेल्या होत्या. पुढचा आठवडाही असाच गेला, मग नाताळची सुट्टी. सुट्टीत तिनं हिशेब केला. दोन तोंडी बाकी आहेत, चोवीस व्हायला वीस हवेत, दहा-दहा. होतील की. झाले, की सांगायची गरजच उरणार नाही.

जानेवारीत शिकवायची पद्धत मात्र तिनं बदलली. आता तो फळ्यापाशी आणि ती बाकावर. वही बंद.

"पान क्रमांक नाही. तू सांग, तुला काय म्हणायचंय."

"जे वहीत आहे तेच."

"वहीत चूक असली तर?"

"ते मला आता माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यानं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन क्रमिका लिहून ठेवायला सुरुवात केली. एक छेद n. एकदा एक आणि एकदा उणे एक, अशी हेलकावे खाणारी. आणि नेहमी पाचच असणारी. त्यांना तो रुग्ण म्हणायचा. नवीन व्याख्या आली, नवं प्रमेय आलं, की आधी तिघांनाही देऊन बघायचं.

"पाचवाला मेला," तो म्हणायचा. "हे औषध चुकीचंय."

"अरे, प्रमेयात 'काटेकोर वाढती' म्हटलंय. पाचवाला त्यात बसतच नाही."

"मग तसं आधी म्हणायचं ना. मी त्याला विनाकारण दिलं."

"तुम्ही दोघं इथे राहायलाच या, चादरी घेऊन," तिबो म्हणाला. बुधवारी त्याचं हँडबॉल असे, पण सराव संपवून ओल्या केसांनी तोही येऊन बसू लागला होता.

हे सगळं फार हळू चालायचं. सोलेनला जे दोन ओळींत दिसायचं त्याला गुल्वेन अर्धा तास लावायचा. कधी कधी तिला फळा पुसून स्वतःच लिहावंसं वाटे. आणि कधी तो असं काही विचारायचा की तिला उत्तर देता येत नसे. मग घरी जाऊन ती पुस्तक काढून बसे. कितीतरी गोष्टी आपण फक्त पटकन करतो, त्या आपल्याला येतातच असं नाही, हे तिला या दिवसांत पहिल्यांदा कळलं. कुणाला ती हे बोलली नाही.

दुसऱ्या तोंडीत गुल्वेनला आठ मिळाले. व्याख्या-सिद्धता सगळी बरोबर, पण रुग्णांची विचारपूस करता करता गणिताला वेळ पुरला नाही.

आता तिसऱ्या वेळी बारा हवे होते. त्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांना बारा मिळत नसत. बारा डिसेंबरला ती उलटी व्याख्या नसती तर आता किती लागले असते, हा हिशेब सोलेननं तीन वेळा केला. तीन वेळा वेगळं उत्तर आलं.

तिसरी तोंडी जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी होती. गुल्वेनला प्रश्न आला, वाढती आणि वरून बांधलेली क्रमिका कुठेतरी जाऊन टेकतेच, हे सिद्ध करा. त्यानं सिद्धता लिहिली. मग कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या.

"हे कोण?" मादामनी विचारलं.

"माझे रुग्ण, मादाम."

"मेडिकल सोडलंत ना?"

"यांना नाही सोडलं."

तिबोच्या फळ्यावर खडू मोडला. मादामनी पुढचं गणित दिलं. गणिताचे तीन भाग होते. पहिला त्यानं केला. दुसऱ्यात चुकला, रुग्णाकडे बघून स्वतःच चूक पकडली, पुसली, पुन्हा केला. तिसऱ्या भागाची पहिली ओळ लिहिली तेव्हा सहा वाजले आणि पुढचं त्रिकूट दारात येऊन उभं राहिलं.

"ल ब्रास पंधरा. तिबो तेरा. केमेनर अकरा."

चार, आठ, अकरा. तेवीस.

"मादाम," तिबो म्हणाला, "वाढती आहे, आणि वीसनं वरून बांधलेली आहे. म्हणजे कुठेतरी टेकणारच. आत्ताच सिद्ध झालंय."

"तीन पदांवरून?" मादामनी पर्स उचलली. "परिषद पुढच्या गुरुवारी आहे. आकडे जे आहेत ते मी सांगेन."

तेव्हा बोलता आलं असतं. मादाम दारापर्यंत गेल्या, दारातल्या मुलांनी वाट दिली, आणि सोलेन हातातला खडू फळ्याखालच्या पन्हाळीत ठेवत राहिली.

सोलेन आणि तिबो दोघेही वर्गाचे प्रतिनिधी होते. सप्टेंबरात दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं म्हणून. परिषदेत प्रतिनिधी बसतात. शिक्षक टेबलाभोवती, प्रतिनिधी शेवटच्या दोन खुर्च्यांवर. मुख्याध्यापिका वर्णक्रमानं नाव घेतात, शिक्षक शेरे वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर विचारलं जातं, "प्रतिनिधींना काही म्हणायचंय?" प्रतिनिधींनी मान हलवून नाही म्हणायचं असतं. ही वर्षानुवर्षांची रीत.

सहा फेब्रुवारीला साडेपाचला परिषद सुरू झाली. सोलेनचं स्वतःचं नाव केमेनरच्या आधी आलं, कारण केमेनर फ्रेंचमध्ये Q नं लिहितात. मादामनी शेरा वाचला, "उत्तम. वर्गात पहिली." सगळ्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. चार नावं झाली.

"केमेनर."

"चार, आठ, अकरा," मादाम म्हणाल्या. "सरासरी सात पूर्णांक दोन तृतीयांश. मी आठ म्हटलं होतं."

"माझ्याकडे नऊ आहेत," फिजिक्सचे देरियें सर म्हणाले. "पोरगा खपतोय बरं का."

"खपणं मी मोजलेलं नाही."

"प्रतिनिधींना काही म्हणायचंय?" मुख्याध्यापिकांनी पुढचा कागद उचलत विचारलं.

"हो," सोलेन म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी कागद परत खाली ठेवला.

"डिसेंबरच्या तोंडीत त्यानं जी व्याख्या उलटी लिहिली, ती माझ्या वहीत उलटी होती. त्यानं माझ्या वहीवरून पाठ केली होती. चूक माझी आहे."

मादाम केर्वेलांनी चष्मा काढला. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"आज सहा फेब्रुवारी आहे."

"हो, मादाम."

"दुसऱ्या दिवशी आला असतात, तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा फळ्यापाशी उभं केलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. आज ते करता येत नाही. आज त्यांना ती व्याख्या येते. आज विचारलं तर फेब्रुवारी मोजला जाईल, डिसेंबर नाही."

"मग चाराचे सात करा आणि मिटवा," देरियें सर म्हणाले.

"सात का? सहा का नाही? चारच का नाहीत? व्याख्या बरोबर असती तर पुढच्या गणितात त्यांनी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. "मी काय लिहू, ते सांगाल का?"

मादामनी चष्मा पुसला, घातला, समोरच्या तीन आकड्यांकडे पाहिलं. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती.

"मी म्हटलं होतं, तीन मापांवरून ठरवेन. त्यातल्या एका मापात दुसऱ्याची चूक मिसळलीय, म्हणजे ते माप त्यांचं नाही. उरली दोन. दोन मापांवरून काय करायचं हे मी कधी म्हटलंच नव्हतं. तेव्हा माझी अट इथे लागू होत नाही, आणि त्यांना काढायला माझ्याकडे दुसरं कारण नाही."

"म्हणजे राहू द्यायचं?"

"जूनपर्यंत. बाकीच्यांसारखं."

"दोघांची सरासरी साडेनऊ," तिबो पुटपुटला.

"तुम्हाला कुणी विचारलं?" मादाम म्हणाल्या. मग हात पुढे केला. "ल ब्रास यांचा कागद जरा परत द्या."

त्यांनी पेन काढून एक वाक्य जोडलं आणि सगळ्यांपुढे वाचून दाखवलं, कारण शेरे सगळ्यांपुढेच वाचायचे असतात. "उत्तम. वर्गात पहिली. स्वतःची चूक सांगायला आठ आठवडे लागतात." मग सोलेनकडे वळल्या. "यात काही चुकीचं आहे?"

"नाही, मादाम."

हा कागद टपालानं घरी जाणार होता. वडील तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचतात.

परिषद सातला संपली. गुल्वेन खाली सायकलींच्या छपरापाशी उभा होता, हात खिशात. तिबोनं जिन्यावरूनच आरोळी ठोकली. "राहिलास रे, टेपरेकॉर्डर! जूनपर्यंत!"

गुल्वेननं खिशातले हात बाहेर काढले. "कसं काय? तेवीसच तर होते."

"हिनं सांगितलं. तुझ्या त्या उलट्या व्याख्येचं. मग बाई म्हणाल्या, डिसेंबर धरायचाच नाही. आईला फोन कर, खिडकी दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

गुल्वेन सोलेनकडे पाहत होता. "आज सांगितलंस?"

"आज."

"मला वाटलं होतं, तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस आणि बाईंनी ऐकलं नाही. म्हणून मी परत कधी विचारलं नाही."

तिबोनं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"फिजिक्सची वहीसुद्धा तुझीच आहे माझ्याकडे," गुल्वेन म्हणाला. "बुधवारी ती पहिल्या पानापासून तपासायची. फळ्यापाशी तू उभी राहायचंस. मी बसणार."

"चालेल."

"आणि चला आता. खानावळ सव्वासातला बंद होते."

सोलेन रोज घरी जेवते. त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर गेली.